उंबऱ्याबाहेर राहिलेले बूट

नवरात्र बसलं की आपल्या धंद्यात फोनला उसंत नसते. सोफा, गालिचा, पडदे, गाद्या, सगळं दिवाळीच्या आत स्वच्छ हवं असतं आणि तेही प्रत्येकाला आधी हवं असतं. एरवी दिवसाला दोन घरं करणारी टीम चार घरं उरकते, रात्री साडेदहापर्यंत मशीन चालू राहतं, हात कमी पडतात म्हणून महिन्यापुरती नवी मुलं घेतली जातात. दमलेला जुना माणूस आणि कालपर्यंत व्हॅक्यूमला हातही न लावलेला मुलगा एकाच ओल्या गालिच्यावर उभे असतात. सीझनच्या तोंडावर नव्या मशीनची किंवा नव्या केमिकलची चर्चा करण्याचा प्रघात या महिन्यापुरता बाजूला ठेवून या दोघांबद्दल लिहायचं आहे.

कारखान्यात जागा ठरलेली असते. वायरिंग, दिवे, वाऱ्याची सोय, बाहेर पडायचा दरवाजा एकदा नीट केला की वर्षभर त्याचा भरवसा धरता येतो. आपली कामाची जागा रोज सकाळी बदलते. आज ठाण्यातला नवा टॉवर, उद्या गिरगावातली जुनी इमारत, परवा एखाद्या हॉटेलचा बँक्वेट हॉल. घर दुसऱ्याचं, वीज दुसऱ्याची, नियमही दुसऱ्याचे. म्हणून आपल्याला सुरक्षितता टेम्पोतून सोबत न्यावी लागते आणि मशीनचा प्लग लावण्याआधी दहा मिनिटं देऊन ती त्या घरात मांडावी लागते. या दहा मिनिटांवरच आपल्याकडे सर्वांत जास्त काटकसर होते.

बुटांचंच घ्या. आपल्या घरांत पायताण बाहेर काढायची रीत आहे आणि ती योग्यच आहे. आपला मुलगा दारात बूट काढतो, कुणी न सांगताही काढतो, आणि आत जाऊन अनवाणी किंवा मोजे घालून कामाला लागतो. अर्ध्या तासात मोजे ओलेचिंब झालेले असतात. पायाखाली डिटर्जंटचं पाणी मुरलेला गालिचा, हातात स्क्रबरचं स्टीलचं हँडल, मागे भिंतीपर्यंत गेलेली वायर. माणसाला झटका बसायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी आपणच तिथे जमवून ठेवतो. तोच मुलगा बादली आणायला गालिच्यावरून व्हिट्रिफाइड टाइलवर उतरला की घसरतो, तो भाग वेगळा.

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येकाच्या बॅगेत फक्त घरात घालायचे, न घसरणाऱ्या रबरी तळव्याचे धुतलेले बूट हवेत. ते दारात, ग्राहकाच्या समोर पिशवीतून काढून घालावेत. ‘काकू, हे फक्त आत वापरायचे आहेत, करंट लागू नये म्हणून,’ एवढं सांगितलं की कुठल्याही घरात हरकत घेतली जात नाही. उलट काकू स्वतःच मुलांना गालिच्यापासून लांब बसवतात.

आता त्या वायरीकडे वळू. ‘मशीन जरा करंट मारतंय’ हे वाक्य आपल्या गोदामात किती सहज उच्चारलं जातं! ऐकणारा हसतो, हँडलला इन्सुलेशन टेप गुंडाळली जाते आणि मशीन पुढच्या कामाला निघतं. करंट मारणारं मशीन म्हणजे निकामी मशीन, ते दुरुस्त होईपर्यंत गोदामाबाहेर पडता कामा नये. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन साध्या बोर्डात बसत नाही म्हणून कापून टाकलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हीटर असलेलं मशीन कन्व्हर्टर लावून दिव्या-पंख्याच्या छोट्या सॉकेटवर चालवलेलंही पाहिलं आहे. त्यात सॉकेट वितळतं आणि नुकसानभरपाईचा वाद होतो, पण तेवढ्यावर निभावलं तर नशीबच म्हणायचं.

अनेकांचा समज असा असतो की ग्राहकाच्या घरी एमसीबी आहे म्हणजे काळजी नाही. एमसीबी वायरिंगला जळण्यापासून वाचवतो. १६ अँपियरचा एमसीबी त्याहून जास्त भार झाला किंवा शॉर्ट झालं तरच पडतो. माणसाचा जीव घ्यायला ३० मिलिअँपियरच्या आसपासचा करंटही पुरू शकतो, आणि १६ अँपियर हा त्याच्या पाचशेपटीहून अधिक झाला. तेवढी बारीक गळती फक्त आरसीसीबी ओळखतो. जुन्या इमारतींत तो बहुधा नसतो, म्हणून आपला स्वतःचा हवा. एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बंद डबीत बसवून, एका बाजूला प्लग आणि दुसऱ्या बाजूला सॉकेट असा जोड करून घ्यावा. ग्राहकाच्या भिंतीतल्या बोर्डाला आधी तो जोड आणि मगच त्यावर आपली वायर. रोज पहिल्या कामाला त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघावं. घरात अर्थिंग आहे का, हे सॉकेट टेस्टर क्षणात दाखवतो. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी अंगातून जाणारी गळती ओळखून पडतो, पण माणसाला स्पर्श झाल्यावर. दोन्ही असलेलं बरं.

केमिकलच्या बाबतीत आपण आणखी सैल आहोत. पाच लिटरच्या कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत प्री-स्प्रे ओतून नेण्याची सवय मोडलीच पाहिजे. दुपारी तहानलेल्या मुलाला बाटलीतलं पाणी आणि अल्कलीचं औषध वेगळं दिसत नाही, आणि ग्राहकाच्या लहानग्याला तर नाहीच नाही. नावाची चिठ्ठी नसलेली बाटली टेम्पोत चढू नये. चिठ्ठीसुद्धा वाचणाऱ्याच्या भाषेत हवी. आपल्याकडची निम्मी मुलं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, नेपाळची असताना इंग्रजी लेबल त्यांच्या काय कामाचं?

गंजाच्या डागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथला धोका दिसत नाही. कपाटाच्या लोखंडी पायाखाली उमटलेला डाग चटकन जावा म्हणून बाजारात मिळणाऱ्या काही औषधांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याच जातीचे फ्लुओराइड क्षार असतात. इतर आम्ल हातावर पडलं की लगेच झोंबतं, माणूस नळाकडे धावतो. हे सौम्य प्रमाणात असलं तर कित्येक तास काहीच जाणवत नाही. मुलगा जेवतो, पुढचं काम करतो, घरी जातो, आणि रात्री बोट आतून ठणकायला लागतं. तोवर ते कातडीखाली शिरून शरीरातलं कॅल्शियम खात गेलेलं असतं. ताबडतोब भरपूर पाण्याने धुणं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळणं आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठणं, हाच क्रम. जेल पेटीत नसेल तर ते औषधही पेटीत नको. आधी ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक आम्लाचं औषध वापरून पाहावं. त्यालाही हातमोजे लागतातच. आणि डाग पुसटसा उरला तर तसं ग्राहकाला सांगावं.

पावसाळ्यात कुबट झालेल्या गालिच्यावर बाथरूममधलं ब्लीच ओतायचं आणि वरून आम्लाचं रिन्स मारायचं, हे तर कधीच करू नये. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि खोली एसीसाठी बंद असते. चिकट डागाला थिनर किंवा पेट्रोल लावून वर व्हॅक्यूम फिरवणाऱ्यांनी मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात हे ध्यानात घ्यावं. शेजारी देवघरात समई तेवत असते, तिच्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. काही जुने लोक अजूनही ट्रायक्लोरोइथिलिनवर विसंबून आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ते आता सोडाच.

जास्त शॅम्पू म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज घरातल्या माणसांनाही भोवतो. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गालिचे धुतल्यानंतर एका कार्यालयातले कर्मचारी आणि एका पाळणाघरातली मुलं व सांभाळणाऱ्या बायका खोकल्याने, घशाच्या कोरडेपणाने हैराण झाल्याची नोंद आहे. पुरेसं पाणी न घातलेल्या शॅम्पूचा थर वाळून त्याची पूड हवेत मिसळत होती. मोजमापाचं भांडं वापरलं की आपली फुप्फुसं आणि त्यांची, दोन्ही वाचतात.

पाठीबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण ती एका दिवसात मोडत नाही. चाळीस लिटर गढूळ पाण्याने भरलेली टाकी म्हणजे चाळीस किलो, वर मशीनचं वजन. ती रिकामी केल्याशिवाय मशीन हलवायचं नाही आणि जिन्यावर ते दोघांनीच उचलायचं. वाँड ओढताना हाताने न ओढता पायांवर भार टाकून मागे सरायचं, कोपरे करताना गुडघ्यांना पॅड बांधायचे. इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. कित्येक सोसायट्यांत आपल्या माणसांना लिफ्टने सामान नेऊ देत नाहीत, सातव्या मजल्यावर जिन्याने जा म्हणतात. हे अमानुष आहे. ऑर्डर घेतानाच लिफ्टची परवानगी मागून ठेवावी आणि ती नसेल तर काम नाकारावं.

व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण ती साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. ईएसआयसाठीही दहाचाच आकडा आणि महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराची अट आहे. आपल्यातले बहुतेक जण चार-पाच माणसांवर धंदा करतात. तपासनीस आपल्या दारात येणार नाही, म्हणून मुलांच्या अपघात विम्याचा हप्ता आपणच भरायचा आहे, सीझनपुरत्या घेतलेल्या मुलांचासुद्धा.

खर्चाचा प्रश्न निघणारच. सीटमागे दहा-वीस रुपयांनी भाव पाडण्याच्या स्पर्धेत बूट, आरसीसीबी, हातमोजे, गॉगल परवडत नाहीत असं म्हटलं जातं. मग ते कोटेशनमध्येच लिहा: वीजजोडणी तपासल्यावर काम सुरू होईल, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील, आमची माणसं आत धुतलेले रबरी बूट वापरतील. एका ओळीचा हा मजकूर पाहून ग्राहक पळत नाही. त्याच्याही घरात करंट उतरायला नको असतो.

राहिला प्रश्न त्या मुलाचा, जो टेस्टर लावतो, लाल दिवा बघतो आणि आपल्याला फोन करतो. समोर ग्राहक घाईला आलेला, पाहुणे संध्याकाळी येणार. अशा वेळी ‘बघ ना कसं तरी, करून टाक’ हे शब्द मालकाच्या तोंडून निघाले तर वर लिहिलेलं सगळं फुकट गेलं. फोन ग्राहकाला द्यायला सांगावा, स्वतः बोलावं, दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनसह यायची तयारी दाखवावी. आणि मशीन न लावता परत आलेल्या त्या मुलाच्या हातावर त्या दिवसाची पूर्ण मजुरी ठेवावी.