रोहित, नाव आणि पहिला नंबर

तर झालं असं, की मागच्या महिन्यात अस्मादिकांना आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळालं. शाळेत लिंबू-चमच्यात तिसरा आलो होतो ते सोडा, धावणारे तिघेच होते. हे बक्षीस फोटोचं. आमच्या फोटोग्राफी क्लबाच्या मासिक स्पर्धेत, निसर्ग विभागात, पहिला नंबर. प्रशस्तिपत्रक मिळालं, टाळ्या मिळाल्या, घरी आईने शिरा केला. आणि दुसऱ्याच दिवशी मी तो फोटो लॅपटॉपच्या स्क्रीनवरून काढून टाकला. बघवेना. का ते सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल. विकांत आहे, तुम्हालाही घाई नसावी.

आमचा क्लब म्हणजे काही फार मोठी संस्था नाही. पुण्यातल्या एका शाळेचा हॉल, महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा. साठ-सत्तर डोकी. निम्मे आमच्यासारखे हिंजवडी-खराडीवाले, पहिल्या बोनसमध्ये कॅमेरा घेतलेले. उरलेल्यांत निवृत्त बँकवाले, दोन डॉक्टर, लग्नाचे फोटो काढून काढून वैतागलेला एक व्यावसायिक, आणि काका मंडळी. काका मंडळींनी फिल्मचा काळ पाहिलेला आहे, आणि डार्करूमसाठी घरातली न्हाणी अडवल्यामुळे झालेली भांडणं हा त्यांचा लाडका विषय. हौस तशी आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. छायाचित्रणाचा शोध जगाला कळून तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. म्हणजे दिवसा दवाखाना आणि फावल्या वेळात कॅमेरा ही जमात आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून आहे.

क्लबात दर महिन्याला दोन गट असतात, एक दिलेल्या विषयाचा आणि एक खुला. विषय अगदी साधे. खुर्ची. रांग. हात. 'खुर्ची' आली तेव्हा मी महिनाभर गावभर खुर्च्या बघत फिरलो. सलूनमधली फिरकीची, कचेरीबाहेरच्या टायपिस्टची पाय बांधलेली, मंगल कार्यालयात एकावर एक रचलेल्या लाल प्लास्टिकच्या. फोटो शेवटपर्यंत धड आला नाही तो नाहीच, पण त्या महिन्यात कंपनीच्या बसमध्ये मी मोबाइल फारसा बाहेर काढला नाही, खिडकीबाहेर बघत होतो. वर्गणीचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

मग रविवारी परीक्षण. फोटो आधी मेलवर पाठवायचे, लांब बाजू १९२० पिक्सेल, फोटोवर नाव नको. हॉलचे पडदे ओढून एकेक फोटो प्रोजेक्टरवर येतो. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे दहा गुण, आणि गुण देऊन झाले की भाष्य. हे भाष्य म्हणजे खरा खजिना. "हा विजेचा खांब आजोबांच्या डोक्यातून का उगवलाय?" "डोळा सोडून कानावर फोकस आहे, पेशंट कानाचा आहे का?" "फोटो बरा आहे, पण हा अर्धा कुत्रा पूर्ण तरी घ्या नाहीतर हाकला तरी." पहिल्या वर्षी माझ्या एका सूर्यास्ताला तिघांचे मिळून अकरा गुण पडले होते. तीसपैकी! हाच फोटो मित्रमंडळात टाकला तेव्हा चाळीस जणांनी अंगठे दाखवले होते आणि एका मावशीने "किती गोऽड" लिहिलं होतं. कुणाचं खरं होतं ते मला दोन वर्षांनी कळलं.

सांगायचा मुद्दा, स्पर्धा वाईट असतात असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. "कलेत कसली आली स्पर्धा" हे वाक्य बहुधा ज्याला अकरा गुण पडलेत तोच म्हणतो. मीही म्हणालो होतो.

पण गुणांची एक गंमत आहे, आणि ती आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळावी. टेस्ट केसेस आधीपासून माहीत असल्या, की हळूहळू आपण प्रोग्रॅम लिहायचं सोडून टेस्ट पास करायला लागतो. सगळं हिरवं दिसतं आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर कोसळतं. क्लबातही तेच होतं. तीन-चार महिने निकाल बघितले की कशाला गुण पडतात ते समजतं. सुरकुतलेले आजोबा, बिडीचा धूर असल्यास उत्तम. जेजुरीचा भंडारा. दिवे घाटातली वारी. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हात अभ्यास करणारी खेड्यातली मुलगी (उजेड दिसावा म्हणून धूर कुणी केला ते विचारायचं नाही). आणि शीर्षक इंग्रजीच हवं, 'वेटिंग', 'होप', 'द लास्ट जर्नी'. गाढवाच्या फोटोलाही 'सॉलिट्यूड' नाव दिलं की अर्धा गुण वाढतो असा माझा अंदाज आहे. निसर्ग विभागात तर सूत्र ठरलेलं: बसलेल्या पक्ष्याला सहा, उडणाऱ्याला आठ, चोचीत मासा असेल तर नऊ.

आता भिगवण.

सोलापूर रस्त्याने पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर हे ठिकाण. हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, इथे उथळ पाण्यात येतात. फेब्रुवारीत क्लबाची सहल होती. पहाटे तीनला निघालो, उजाडता उजाडता नावेत बसलो. नावेत आम्ही चौघे, माझ्या हातात दोन दिवसांच्या भाड्याने आणलेली चारशे मिलिमीटरची लेन्स. नाववाला दादा मूळचा मासेमारी करणारा, हिवाळ्यात फोटोवाल्यांना फिरवतो. पक्ष्यांची नावं इंग्रजीत आमच्यापेक्षा बरी घेत होता.

रोहित समोर होते, दीड-दोनशे तरी असतील. माना खाली, चोची उलट्या करून पाणी गाळत चाललेले. हा पक्षी गाळातून बारीकसारीक खाणं गाळून पोट भरतो, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ त्याचं हेच काम चालू असतं. आम्ही अर्धा तास फोटो काढले. शांत होतं सगळं, त्यांच्या बडबडीचा आवाज पाण्यावरून येत होता. मग आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, उडतील का?" दादाने आमच्याकडे बघितलं, एकदाच. त्याला हा प्रश्न रोज येत असणार. त्याने नाव वळवली आणि सरळ थव्याकडे घातली.

रोहितला जागेवरून उडता येत नाही. आधी पाण्यावरून धावावं लागतं. ते धावले, एकामागून एक उठले, बसल्यावर फिकट दिसणारे पंख उघडले आणि आतला लाल-काळा रंग एकदम पेटला. मी बटण दाबून धरलं होतं. सेकंदाचा दोन हजारावा भाग, एका दमात साठ फोटो. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला गेल्या वर्षभरात झाला नव्हता. थवा लांब जाऊन बसला. आम्ही दादाला वर दोनशे रुपये दिले. परत येताना दुसरी नाव त्या नव्या जागेकडे निघालेली दिसली. तीही आमच्याच क्लबाची.

तोच फोटो मी पाठवला. तीसपैकी सव्वीस. परीक्षक म्हणाले, "काय टायमिंग साधलंय!" मग मागच्या रांगेतल्या एक काकू, ज्या वर्षानुवर्षं फक्त फुलांचे फोटो काढतात आणि ज्यांना कधीच सतराच्या वर पडत नाहीत, त्यांनी विचारलं, "काय रे, एवढे सगळे एकदमच कसे उडाले?"

मी म्हणालो, "नशीब, काकू."

हॉल हसला. काकू हसल्या नाहीत. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

मला गेला महिनाभर जे खातंय ते हे. पक्षी उडवले हे एक, आणि त्यावर अंधारात उभं राहून थाप मारली हे दुसरं. आता कुणी म्हणेल, एका थव्याला एकदा उठवलं म्हणून काय बिघडतं? एकदाच असतं तर कदाचित नसतंही बिघडलं. पण त्या सकाळी आमच्याच आठ नावा होत्या, आणि हंगामात शनिवार-रविवारी फक्त आम्हीच जातो असंही नाही. इतक्या लांबून खायला आलेल्या पक्ष्याला जेवताना पाच-सहा वेळा ताटावरून उठवायचं, आणि उठताना कसा सुंदर दिसतो म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या.

नियम नाहीत असं नाही. निसर्ग विभागाची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आपले क्लब वापरतात, तिच्यात सरळ लिहिलंय की फोटोपेक्षा सजीवाचं हित मोठं. पण तपासलं काय जातं? एडिटिंग. एखादी काडी पुसली का, आभाळ बदललं का, यासाठी मूळ रॉ फाइल मागतात. २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने आपलं विजेतं चित्र एआयने बनवलंय असं सांगून बक्षीस नाकारलं, तेव्हापासून तर आमच्याकडे रॉ फाइलशिवाय पान हलत नाही. माझीही फाइल मागितली होती. अगदी स्वच्छ निघाली! एक पिक्सेल इकडचा तिकडे नाही. फाइलमध्ये शटर आहे, लेन्स आहे, वेळ आहे, सेकंदापर्यंत. नाव कुठल्या दिशेला चालली होती ते तेवढं नाही.

मोठ्या ठिकाणी याची लाज वाटून घेतलेली आहे. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. तो बहुधा पाळीव, शिकवलेला लांडगा असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला, तरीही. फोटोत खोट नव्हती. फोटोच्या आधी काय झालं, हे त्यांनी विचारलं.

आमच्या क्लबाला विचारायला काय हरकत आहे? निसर्ग विभागाच्या अर्जात एक रकाना, 'हा फोटो कसा मिळाला'. दोन ओळी. खोटं लिहिणारे लिहितील, पण काकूंना हसत उत्तर देणं आणि स्वतःच्या नावाखाली टाइप करणं यात फरक पडतो. आणि सहलीला निघण्याआधी नाववाल्यांना सांगायचं, की थव्यापासून लांब थांबायचं, तेवढेच पैसे मिळतील, वरचे दोनशेही. आठ नावा एकदम ठरवणारं गिऱ्हाईक काही छोटं नसतं. दादावर खापर फोडणं सोपं आहे, पण तो आमच्याच गुणांच्या तक्त्याप्रमाणे नाव चालवत होता. बसलेल्याला सहा, उडणाऱ्याला आठ. उद्या परीक्षकांनी पाण्यात मान घालून चरणाऱ्या रोहितला नऊ दिले, तर परवा सगळ्या नावा आपोआप थांबतील. बघा पटतंय का.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात क्लबाच्या सेक्रेटरी काकांना फोन करून सांगितलं. बक्षीस परत घ्या म्हणालो. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "अरे, वार्षिक प्रदर्शनासाठी तुझी प्रिंट कालच करून आणली. बारा बाय अठरा. माउंटसकट. आता तू सांगतोयस!"

मी म्हटलं, "काका, मग लावा. पण खालची पट्टी मी लिहून देतो."

"काय लिहिणार?"

मी वाचून दाखवलं, 'भिगवण, फेब्रुवारी. नाव अंगावर घातल्यामुळे उडालेले रोहित.'

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग काका म्हणाले, "इंग्रजी शीर्षक काय देऊ?" ते चेष्टा करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही. विषय कमिटीपुढे ठेवतो म्हणालेत. कमिटी रविवारी बसणार आहे, आणि काकू कमिटीवर आहेत.