निर्दोष ठरल्यानंतरचा तुरुंग

१९६८ च्या ऑक्टोबरात युगांडाची राजधानी कंपाला येथे ‘ट्रान्झिशन’ या नियतकालिकाचे संपादक रजत नियोगी यांना अटक झाली. नियोगी बंगाली कुळातले, जन्म मात्र कंपालाचाच. त्यांनी १९६१ मध्ये काढलेल्या या नियतकालिकाने साऱ्या आफ्रिका खंडातील लेखकांना एका व्यासपीठावर आणले होते. गुन्हा एवढाच की, संसद सदस्य अबू मायांजा यांचे एक पत्र त्यांनी छापले. उच्च न्यायालयावर आफ्रिकी न्यायाधीश नेमण्यास विलंब का होतो, हा प्रश्न त्यात होता. राजद्रोहाचा खटला चालला, न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरविले आणि निकालानंतर लगेचच आणीबाणीच्या नियमांखाली दोघांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले.

त्यानंतर ओबोटे गेले, इदी अमीन आले आणि गेले. मुसेवेनी यांच्या राजवटीत, १९९५ साली, नवी राज्यघटना आली. तिच्या २९ व्या अनुच्छेदात भाषणाचे आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य निःसंदिग्ध शब्दांत नोंदविलेले आहे. सार्वजनिक हिताच्या नावाखालीही विनाचौकशी स्थानबद्धता खपवून घेतली जाणार नाही, असे ४३ वा अनुच्छेद बजावतो. न्यायालयांनीही हे शब्द कागदावर राहू दिले नाहीत. काँगोच्या काबिलांनी युगांडाला सोन्याच्या रूपाने मोबदला दिला, अशी बातमी १९९७ मध्ये ‘मॉनिटर’ने छापली, तेव्हा चार्ल्स ओन्यांगो-ओब्बो व अँड्र्यू म्वेंडा या पत्रकारांवर ‘खोटी बातमी’ प्रसिद्ध केल्याचा खटला झाला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्दबातल ठरविले. एखादे मत चुकीचे किंवा अप्रिय वाटते एवढ्यावरून त्याचे घटनात्मक संरक्षण जात नाही, असा न्या. मुलेंगा यांचा निर्वाळा होता. २०१० मध्ये म्वेंडांच्याच दुसऱ्या प्रकरणात राजद्रोहाचे कलमही गेले.

हे कलम काही आफ्रिकेच्या मातीत उगवलेले नव्हते. ज्या ब्रिटिश सत्तेने याच आरोपाखाली लोकमान्यांना मंडालेला धाडले, तिचाच तो वारसा. (भारतातही १२४-अ चा वापर सर्वोच्च न्यायालयाने थांबविला तो २०२२ मध्ये, तेव्हा युगांडाला हसण्याचे आपल्याला कारण नाही.)

मग अडते कोठे? न्यायालयाचा निकाल येईपर्यंत सरकारचे काम झालेले असते. ‘मॉनिटर’च्या संपादकांना सहा वर्षांहून अधिक काळ लढावे लागले. बुगांडा राज्याचे सीबीएस हे नभोवाणी केंद्र सप्टेंबर २००९ च्या दंगलीत बंद करण्यात आले, ते वर्षभराहून अधिक काळ मुकेच राहिले. युगांडात सरकारवर टीका होतच नाही असे नव्हे. ती वृत्तपत्रांतून होते आणि पुष्कळदा धारदार असते. परंतु कोणती टीका कधी महागात पडेल याचा भरवसा नसतो, आणि हा अनिश्चितपणाच संपादकाच्या हाताला लगाम घालतो.

जुनी कलमे पडू लागली, तशी नवी उभी राहिली. २०११ च्या संगणक गैरवापर कायद्याखाली विदुषी स्टेला न्यान्झी यांना राष्ट्राध्यक्षांवरील एका कवितेबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण त्या नोव्हेंबर २०१८ पासून तुरुंगातच होत्या. शिक्षेचे बहुतेक दिवस भोगून झाल्यावर त्यांना न्याय मिळाला! जानेवारी २०२३ मध्ये घटना न्यायालयाने याच कायद्याचे ‘आक्षेपार्ह संदेशां’विषयीचे २५ वे कलम रद्द केले. मात्र त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, द्वेषमूलक व ‘दुष्ट हेतूची’ माहिती पसरविणे हे नवे गुन्हे सुधारणेद्वारे कायद्यात दाखल झाले होते. २०२४ च्या जुलैमध्ये, टिकटॉकवर राष्ट्राध्यक्षांविषयी अनुदार बोलल्याबद्दल, चोवीस वर्षांच्या एका तरुणाला सहा वर्षांचा कारावास झाला तो याच गुन्ह्यांखाली.

नियोगी सुटले ते १९६९ च्या मार्चमध्ये. पुढे १९७१ साली त्यांनी ‘ट्रान्झिशन’ पुन्हा सुरू केले, पण ते घानात, अक्रा येथून.