वाजवितो कोण?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वऱ्हाडांतील लहानसहान शहरांतून एका विशिष्ट प्रकारच्या गानमैफलींची टूम निघाली आहे. वाशीम असो, कारंजा असो कीं रिसोड असो. गणेशोत्सव, कोजागिरी, एखाद्या दिवंगत गायकाची पुण्यतिथि अथवा एखाद्या सुखवस्तु गृहस्थाची षष्ट्यब्दिपूर्ति, निमित्त कोणतेंहि चालतें. मंगल कार्यालयांत खुर्च्या मांडल्या जातात, पन्नाशी ओलांडलेलीं जोडपीं नटूनथटून येतात, आणि ज्या चित्रपटगीतांवर त्यांचें कॉलेजांतील तारुण्य पोसलें तीं 1980 नंतरच्या दशकांतील गीतें पुन्हा एकदां ऐकून संतुष्ट चित्तानें घरोघर परततात. त्या दशकाचें वैशिष्ट्य असें कीं, व्हायोलिनांचा ताफा हळूहळू मागें सरला आणि विजेवर चालणारा सिंथेसायझर पुढें आला. 1980 सालीं 'कुर्बानी' चित्रपटांत बिद्दू यांच्या चालीवर नाझिया हसन हिनें गाइलेलें गीत आणि 1982 सालीं आलेला बप्पी लाहिरी यांच्या संगीताचा 'डिस्को डान्सर' यांनीं हा नवा नाद गल्लोगल्लीं पोहोंचविला. वाशीम तेव्हां अकोला जिल्ह्यांतील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यास 1998 साल उजाडावें लागलें. परंतु कॅसेटला जिल्ह्याची हद्द नसते.

या मैफलींना जाणाऱ्यांवर आमच्या सुशिक्षित वर्गाकडून दोन आरोप होतात. पहिला असा कीं, हें यंत्राचें संगीत आहे, आणि यंत्राच्या संगीताला मैफल म्हणणें हा मुळांतच वदतोव्याघात आहे. दुसरा असा कीं, चाळीस वर्षांपूर्वींचीं गाणीं पुन्हा पुन्हा ऐकावयास जाणें हें मनाच्या म्हातारपणाचें लक्षण असून अशा स्मरणरंजनापासून सुज्ञांनीं दूर राहावें. हे दोन्ही आरोप मला अमान्य आहेत. मात्र याच मैफलींवर एक तिसरा आरोप करणें मला अवश्य वाटतें. आणि तो या टीकाकारांपैकीं कोणीहि करीत नाहीं, याचेंच मला आश्चर्य वाटतें.

प्रथम यंत्राचा प्रश्न घेऊं. आज जिच्यावांचून आमचें भजन, कीर्तन वा नाट्यपद पुढें सरकत नाहीं, ती पेटी युरोपांतून आलेली आहे. तिच्यांतून मींड निघत नाहीं, तिचे स्वर ठरावीक, ती आमच्या रागदारीस मारक, असा गहजब एके काळीं एवढा झाला कीं, 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या केंद्रांत बंदी केली. रवीन्द्रनाथांसारख्या महाकवीचें मतहि तिच्या विरुद्धच होतें. ही बंदी 1971 पर्यंत टिकली, आणि तेव्हांहि ती अंशतःच उठली. परंतु बंदी येण्याच्या कितीतरी पूर्वींच गोविंदराव टेंबे यांनीं याच वाद्यावर कीर्ति मिळविली होती, आणि मराठी रंगभूमीवर पायपेटी व ऑर्गन यांच्या सुरांत एका अख्ख्या पिढीचा कान तयार झाला होता. पंडितांनीं बहिष्कृत केलेलें वाद्य रसिकांनीं घरांत आणून ठेविलें, आणि शेवटीं पंडितांसच आपला निकाल फिरवावा लागला.

सिंथेसायझरची कथा याहून फारशी निराळी नाहीं. 1954 सालच्या 'नागिन' चित्रपटांतील पुंगीचा स्वर कानीं पडतांच आजहि वृद्ध मंडळी माना डोलवितात. तो स्वर पुंगीचा नव्हताच. हेमंतकुमारांच्या संगीतदिग्दर्शनाखालीं कल्याणजींनीं तो क्लेव्हायोलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता. विजेच्या वाद्यास नाक मुरडणाऱ्यांनीं प्रथम 'नागिन' विसरून दाखवावा, मग पुढचें बोलावें. वाद्य भात्याच्या वाऱ्यावर चालतें कीं विजेच्या प्रवाहावर, हा प्रश्न गौण आहे. त्या क्षणीं वादक कांहीं ठरवितो कीं नाहीं, हा मुख्य प्रश्न आहे.

आतां दुसरा आरोप. स्मरणरंजन हें जर पाप असेल, तर महाराष्ट्रांतील मध्यमवर्गानें तें पिढ्यान् पिढ्या केलेलें आहे. 'गीतरामायण' हें त्याचें उत्तम उदाहरण. गदिमांनीं लिहिलेलीं आणि सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलीं हीं छप्पन्न गीतें 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर पुणें केंद्रावरून प्रसारित झालीं. त्यानंतर कित्येक दशकें लोक तींच गीतें ऐकावयास मैदानें भरून जमत राहिले. त्यांस कोणी मनानें म्हातारे म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. रामकथेला एक न्याय आणि तारुण्यांतल्या गाण्यांना दुसरा, असें करावयाचें असेल तर तसें उघड सांगावें. पण मग तो आक्षेप विषयावर होईल, स्मरणावर नव्हे.

शिवाय वाशीमकरांनीं तरी स्मरणाला हिणवूं नये. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन यानें 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचिलें. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञानें त्याचा आदरानें उल्लेख केला. तें काव्य आज उपलब्ध नाहीं. अलंकारग्रंथांतील उल्लेखांपुरतेंच तें उरलें आहे. राजाचें कर्तृत्व आणि पंडितांची प्रशस्ति असूनहि जें कोणाच्या ओठीं राहिलें नाहीं, तें गेलें. पुन्हा पुन्हा म्हटलें जाणें हाच कलाकृतीचा जीव आहे. म्हणून चाळीस वर्षांपूर्वींचें गाणें ऐकावयास जो जातो, तो तें गाणें जगवितो असेंच मी म्हणेन.

येथवर मी या मैफलींचा वकील आहें. आतां फिर्यादी होतों.

या मैफलींस आपण गेलां तर व्यासपीठाकडे नीट पाहा. गायक आहे, गायिका आहे, निवेदक तर आहेच. परंतु पूर्वीं जेथें कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, ढोलकीवाला आणि गिटारवाला बसत, तेथें पुष्कळदां एक लहानसा संगणक असतो, आणि त्यापाशीं साउंडवाल्याचा पोरगा बसलेला असतो. मूळ गाण्यांतून गायकाचा आवाज तेवढा वगळून तयार केलेला 'ट्रॅक' तो सुरू करितो, आणि गायक त्यावर गातो. याला कराओके म्हणतात. घरांत, मित्रमंडळींत, हौसेखातर हा खेळ खुशाल चालावा. त्याला माझी ना नाहीं. परंतु तोच खेळ व्यासपीठावर आणून, जाहिरातींत 'लाइव्ह' हा शब्द छापून, तिकीट लावून विकणें ही माझ्या मतें श्रोत्यांची शुद्ध फसवणूक आहे.

फरक काय पडतो, असें कोणी विचारील. फार मोठा फरक पडतो. चांगला कीबोर्डवादक डाव्या हातानें स्वरांची बैठक धरतो आणि उजव्या हातानें मूळ गीतांतील बासरीचा तुकडा वाजवितो. तो तुकडा संपतांच एक बटण दाबून दोन मात्रांच्या अवकाशांत बासरीची व्हायोलिनें करितो. गायकाचा घसा बसला असेल तर पट्टी अर्ध्या सुरानें उतरवितो. गायक अंतऱ्याचे शब्द विसरला तर मधला तुकडा आणखी एकदां फिरवून त्याला सावरून घेतो. ऑक्टोपॅडवाल्यापुढें रबराचे आठ चौकोन असतात. कोणत्या चौकोनांतून कोणता नाद निघावा, हें प्रत्येक गाण्यापूर्वीं त्यानेंच ठरविलेलें असतें, आणि दोन काठ्यांनीं तो पांच माणसांचें काम करितो. हें सारें यंत्रावरच चालतें. पण यंत्र माणसाच्या मुठींत असतें. ट्रॅकची गोष्ट उलट आहे. तो गायकासाठीं थांबत नाहीं, त्याचें ऐकत नाहीं, त्याची चूक झांकीत नाहीं. गायकानें त्याच्या मागें धांवावयाचें. येथें माणूस यंत्राच्या साथीला बसलेला असतो.

याची खरी परीक्षा 'वन्स मोअर'च्या वेळीं होते. हा शब्द इंग्रजी असला तरी ती प्रथा आमच्या नाट्यगृहांनीं आपल्या पोटांत घेतली आहे. श्रोत्यांनीं 'वन्स मोअर' दिला म्हणजे गायकनट तेंच पद पुन्हा घेई, पण तसेंच घेत नसे. नवी तान, नवी जागा, नवा विस्तार त्यांत येई. त्यासाठींच तर तो दिला जाई. ट्रॅकला 'वन्स मोअर' द्या. साउंडवाल्याचा पोरगा तो पुन्हा पहिल्यापासून लावील, आणि मघाशीं जें झालें तेंच, त्याच मात्रेला, पुन्हा होईल.

आयोजकांचें उत्तर मला ठाऊक आहे. लोकांना हुबेहूब रेकॉर्डसारखें गाणें हवें असतें, असें ते म्हणतात. मला तें पटत नाहीं. 'गीतरामायणा'चेंच उदाहरण पुन्हा घेतों. पुणें केंद्रावर त्यांतील गीतें निरनिराळ्या गायकगायिकांनीं गाइलीं होतीं. पुढें व्यासपीठावर तीं सारीं एकटे फडके गात असत. म्हणजे नभोवाणीवर ऐकलेलें व्यासपीठावर हुबेहूब मुळींच नव्हतें. तरी लोक आले, आणि रडलेहि. हुबेहूब हवें असणाऱ्याची रेकॉर्ड घरीं असते. तो घराबाहेर पडतो तो, आपल्या आठवणींतलें गाणें एक जिवंत माणूस आपल्यासमोर पुन्हा घडवितो, हें पाहण्यासाठीं.

ज्या देशांत या यंत्रसंगीताचा उगम झाला तेथेंहि हें ओळखलें जातें. जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क' या वृंदानें 1978 सालच्या आपल्या तबकडीस 'मानवयंत्र' अशा अर्थाचें नांव दिलें, आणि रंगमंचावर आपल्या जागीं बाहुले उभे करण्याची थट्टाहि केली. पण ती उघड उघड थट्टा होती. स्वीडनच्या 'ॲबा' या वृंदाचें उदाहरण तर आमच्या आयोजकांच्या डोळ्यांत अंजन घालणारें आहे. 2022 च्या मे महिन्यांत लंडन येथें त्यांचा जो स्मरणरंजनाचा खेळ सुरू झाला, त्यांत चौघे गायक प्रत्यक्ष नसून प्रकाशानें निर्मिलेलीं त्यांचीं तरुणपणचीं चित्रें नाचतात. परंतु त्यांच्यासोबत वाजविण्यास दहा जिवंत वादकांचा ताफा ठेवण्यांत आला. गायक मायावी असले तरी वादक खरे असलेच पाहिजेत, असें तेथें वाटलें. आमच्याकडे गायक खरा आणि वादक मायावी!

घरचें उदाहरण हवें असेल तर तेंहि आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांनीं 1982 सालीं रोलंड कंपनीचीं तीन विजेचीं यंत्रें घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. त्या वेळीं तिच्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. 2010 सालीं ती युरोपांत पुन्हा प्रसिद्ध झाली. आणि पुढें शिकागोंत जन्मलेल्या 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीताशीं तिचें साम्य पाहून पाश्चात्त्य रसिक चकित झाले. सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला तिकडून निमंत्रणें आलीं, आणि 2015 सालीं मृत्यु येण्यापूर्वीं युरोपांतील श्रोत्यांसमोर त्यांनीं आपले राग आपल्या हातांनीं वाजविले. रेकॉर्ड तर त्या श्रोत्यांच्या घरीं होतीच. त्यांना पाहावयाचीं होतीं तीं त्या माणसाचीं बोटें.

आयोजकांचें दुसरें उत्तर पैशाचें आहे, आणि तें मी अधिक गंभीरपणें घेतों. चार वादकांची बिदागी, त्यांचा प्रवास आणि तालमी यांचा खर्च लहान गांवास जड जातो, हें खरें. परंतु त्याच कार्यक्रमांत फुलांच्या कमानी, रंगीत दिवे, शाली, श्रीफळें आणि सत्कारमूर्तींची रांग यांस पैसा कमी पडल्याचें मला दिसत नाहीं. कात्री लागते ती नेहमीं वादकालाच. याचा परिणाम उघड आहे. आमच्या जिल्ह्यांत दिवसा शाळेंत शिकविणारा अथवा दुकान चालविणारा आणि रात्रीं ऑर्केस्ट्रांत वाजविणारा असा एक वर्ग होता. त्याच्याच घरीं शेजारचीं चार पोरें पेटी आणि ढोलकी शिकत. त्याचें बोलावणें बंद झालें म्हणजे त्याचा हात बसतो. त्याचा हात बसला म्हणजे त्या पोरांचें शिक्षण खुंटतें. आणि ट्रॅकवर वाढलेल्या पुढच्या पिढीला गाणें म्हणजे माइक हातांत घेऊन भिंतीवर उमटणारे शब्द वाचणें एवढेंच वाटूं लागतें. आपण आपल्या तारुण्याचें स्मरण करतांना आपल्या मुलांच्या हातून वाद्य काढून घेत आहोंत, ही गोष्ट या उत्सवांत कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

माझें मागणें फार नाहीं. जेथें ट्रॅक वाजणार तेथें जाहिरातींत तसें स्पष्ट छापावें, आणि 'लाइव्ह' हा शब्द गाळावा. चार वादक परवडत नसतील तर एक कीबोर्डवाला आणि एक तालवाद्यवाला एवढे तरी ठेवावे. गाणीं तीसऐवजीं पंधरा झालीं तरी हरकत नाहीं. गायकाइतकेंच वादकाचेंहि नांव निवेदकानें मोठ्यानें घ्यावें. आणि हें आयोजकांकडून आपण होऊन घडेल अशी आशा कोणी बाळगूं नये. तें तिकीट काढणाऱ्या आणि घरच्या कार्याला मैफल ठरविणाऱ्या कुटुंबांनींच घडवून आणावयाचें आहे. पैसे मोजण्यापूर्वीं त्यांनीं एकच प्रश्न विचारावा: गातो कोण तें कळलें, वाजवितो कोण?