जुनी जीप घेताय? गाडी स्वस्त पडते, कागद महागात जातात
पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात जुन्या फोर बाय फोरला मागणी. व्यवहारापूर्वी काय तपासावे

सातारा : पाऊस सुरू झाला की पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांच्या डोंगरी भागात एक प्रश्न हमखास निघतो. "एखादी जुनी फोर बाय फोर आहे का बघण्यात?" वाडीवरचा रस्ता डांबरी असला तरी शेवटचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा लाल मातीचाच असतो. दूध डेअरीला घालायचे, खताची पोती वर न्यायची, आजारी माणूस खाली आणायचा, तर साधी गाडी चढावर चाक फिरवत बसते. नवीन थार शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. मग नजर वळते ती जुनी महिंद्रा जीप, जिप्सी, नाहीतर लष्कराच्या लिलावातल्या गाडीकडे.

ही गरज खरी आहे. पण गेल्या काही वर्षांत नियम इतके बदलले, की दहा वर्षांपूर्वी सरळ वाटणारा व्यवहार आज गळ्याशी येऊ शकतो. गाडी दारात उभी राहते, पैसे जातात, आणि नाव मात्र लागत नाही. अशा गाड्या आज बऱ्याच गोठ्यांच्या कडेला ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

जुन्या गाड्या कमी का झाल्या?

महाराष्ट्राला जीप नवीन नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तीच गाडी देशभर गेली. सीजे, एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, मार्शल ही नावे गावात आजही लोक घेतात. साताऱ्यात तर वडापचा सगळा धंदाच या गाड्यांवर उभा राहिला. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि नवे सुरक्षा नियम लागू होताना २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. टाटा सुमोही त्याच काळात थांबली.

पूर्वी या गाड्यांचा मोठा पुरवठा सरकारी लिलावातून व्हायचा. बांधकाम, पाटबंधारे, वन खाते, पंचायत समिती यांच्या जीप निकाली निघाल्या की गावातलाच कोणीतरी घ्यायचा. ती वाट आता जवळजवळ बंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महामंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात येते. अशी गाडी अधिकृत भंगार केंद्रातच द्यावी लागते. तिची नोंदणी पुन्हा होत नाही.

याचा सरळ अर्थ असा, की आज कोणी "खात्याच्या लिलावातली आहे, १६ वर्षांची आहे, कागद करून देतो" म्हणाला तर तो कागद होणार नाही. २०२३ च्या आधी लिलावात जाऊन खासगी नावावर चढलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी. पण ते आरसी बुकावर दिसले पाहिजे, एजंटाच्या तोंडावर विश्वास नको.

पुरवठा घटला आणि दुसरीकडे हौस वाढली. वरात, मिरवणूक, रील, कासच्या बाजूचे रिसॉर्ट, सगळीकडे उघडी जीप हवी. म्हणून ज्याला खरोखर चिखलासाठी गाडी पाहिजे, त्याला हौशी गिऱ्हाइकाचा भाव मोजावा लागतो.

कागद संपलेली गाडी स्वस्त का असते?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील चारचाकीसाठी ती १०,००० रुपये केली. मुदत उलटून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये जादा.

एक हिशेब मांडून पाहू. डिझेल जीप १८ वर्षांची आहे आणि तिची नोंदणी संपून ३ वर्षे झाली. विलंबाचे ३६ महिन्यांचे १८,००० रुपये. नूतनीकरणाचे ५,०००. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने, ७,८९७ रुपये; १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ९,३१८. नव्या नंबर प्लेटचे ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ८७९. बेरीज होते ३३ हजारांच्या वर. यात पर्यावरण कर, पीयूसी, जुनी ई-चलने, आणि पासिंगला नेण्याआधी ब्रेक, दिवे, टायर यांचे काम धरलेले नाही.

म्हणजे "तीस हजार कमी करून देतो, कागद तुम्ही करा" म्हणणारा विक्रेता काही उपकार करत नाही. तो आपला खर्च तुमच्या अंगावर ढकलतो. जिप्सीला एवढाच फरक, की इंजिन १३०० सीसीच्या घरातले असल्याने विमा निम्म्याहून कमी, ३,४१६ अधिक जीएसटी. फीचे तक्ते सारखे बदलतात, म्हणून त्या दिवशीचा आकडा परिवहन पोर्टलवर किंवा आरटीओत बघूनच सौदा करावा.

दिल्ली पासिंगचे गणित

दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यावर पुढेही सुनावण्या झाल्या. पण त्या भीतीने तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या आणि आपल्याकडच्या बाजारात दिसू लागल्या.

यात बेकायदा काही नाही, पण खर्च दिसतो तेवढा नसतो. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात हवी. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, माफ होत नाही. कर धरून भाव काढला की सातारा एमएच ११ किंवा कराड एमएच ५० ची थोडी महाग गाडीच परवडते, असे बऱ्याचदा निघते.

लष्कराची गाडी

लष्कराच्या निकाली गाड्या लिलावात निघतात आणि व्यापारी त्या लॉटने उचलतात. अशा गाडीला आधी आरसी नसते. नोंदणीसाठी लष्करी अधिकाऱ्यांचे मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१ मध्ये, लागते. झेरॉक्स चालत नाही. प्रमाणपत्रावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एका लॉटमधल्या दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून एक गाडी उभी केली असेल तर घोळ इथेच उघडा पडतो. नोंदणी करून आपल्या नावावर आणून देणाऱ्यालाच पूर्ण पैसे द्यावेत. तोवर फार तर इसार.

सजवलेली जीप म्हणजे अडचण

मोठे टायर, कापलेला पत्रा, दुसऱ्याच कंपनीचे इंजिन, लांबवलेली किंवा आखूड केलेली चासी. दिसायला गाडी झकास. पण जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेच सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बदल आधीच्या मालकाने केला होता हे सांगून सुटका होत नाही, कारण रस्त्यावर गाडी तुमची असते.

इंजिन बदलले असेल तर त्याची परवानगी आणि आरसीवर नोंद मागावी. नोंद नसेल तर ती गाडी पासिंगला अडकते. अपघात झाला तर विमा कंपनीलाही हात झटकायला कारण मिळते.

हौशी मंडळींसाठी एक वेगळी तरतूद आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरे. मात्र ती रोज वापरता येत नाही आणि भाड्याने तर नाहीच. जुनी विलीज घेऊन तिच्यावर चारा वाहायचा बेत असेल तर हा मार्ग कामाचा नाही.

गाडी बघताना

पहिली गोष्ट, ती खरंच फोर बाय फोर आहे का? कमांडर, मार्शल, बोलेरो यांतल्या बहुतेक गाड्या मागच्याच चाकांवर चालतात. खाली वाकून पुढच्या ऍक्सलला डिफरन्शियलचा गोळा आणि पुढे जाणारा शाफ्ट आहे का ते बघा. खर्च टाळायला पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो आणि आत लिव्हर मात्र जागेवर असतो. डांबरावर फेरी मारून काही कळत नाही. मातीच्या चढावर नेऊन लो गिअर टाकून गाडी चढवा, गिअर सुटतो का बघा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून पळवू नये, त्याने ट्रान्सफर केसवर ताण येतो.

दुसरी गोष्ट चासी. नवा रंग मारलेला पत्रा बघून भुलू नये. पाटे जिथे बसतात तिथे आणि बॉडीच्या बोल्टांजवळ गंज किंवा वेल्डिंगचे ठिगळ असेल तर गाडी सोडून द्यावी. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने प्रिंट काढावी. खरवडलेला, पुन्हा ठोकलेला नंबर त्यात दिसतो.

तिसरी गोष्ट इंजिन. गाडी सकाळी थंड असताना बघायला जावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन लगेच सुरू होते. चालू इंजिनचे ऑईलचे झाकण उघडून धूर जोरात फेकतो का ते बघावे. फेकत असेल तर इंजिन उतरवायचा खर्च आला. महिंद्राच्या डीआय इंजिनाचे काम करणारे मिस्त्री तालुक्याला मिळतात. वेगळ्याच इंजिनाचा मिस्त्री शोधत पुण्याला जावे लागत असेल तर ती स्वस्ताई खरी नाही.

विकणाऱ्याचाही गळा अडकतो

आपल्याकडे शंभर रुपयांचा स्टॅम्प, नोटरी आणि टीटीओ फॉर्मवर कोऱ्या सह्या एवढ्यावर गाडी हातोहात फिरते. हे सगळ्यात धोक्याचे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे आणखी हातांत गेली, २००९ मध्ये अपघात होऊन एक जीव गेला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

जीप विकून दोन वर्षे झाली म्हणून निवांत बसलेल्या माणसाच्या सात-बारापर्यंत ही गोष्ट पोचू शकते. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत फॉर्म २९ ने कळवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरावा. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. सगळ्यात बरे म्हणजे दोघांनी मिळून आरटीओचे काम उरकावे आणि शेवटचा हप्ता नाव लागल्यावर द्यावा.

पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन वडाप करणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. परमिट नसताना भाडे घेतले आणि गाडी घाटात गेली, तर प्रवाशांची भरपाई मालकाच्या खिशातून जाण्याची वेळ येते. या जुन्या गाड्यांत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या आडव्या बाकांना पट्टे नाहीत.

घ्यावी की नको?

ज्याच्या घरापर्यंत बारा महिने बरा रस्ता आहे, त्याला फोर बाय फोरची गरज नाही. चांगले टायर असलेली साधी बोलेरो त्याचे काम करते, डिझेल आणि दुरुस्तीही कमी लागते. शिवसागराच्या पलीकडे तराफ्याने गाडी नेणाऱ्या किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांवरच्या माणसाचे तसे नाही. त्याला लागते. त्याने चालू कागदाची, स्थानिक पासिंगची, मूळ इंजिनाची आणि तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी बघावी. रंग उडालेला असला तरी चालेल.

मूळ दुखणे मात्र गाडीचे नाही. पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री योजना आणली. तरीही वाडीचा शेवटचा तुकडा चिखलातच असेल, तर रस्त्याचा खर्च शेतकरी जुन्या जीपच्या रूपाने स्वतःच करतो आहे. ग्रामसभेत जीपच्या कागदांइतकीच चौकशी आपल्या पाणंदीच्या प्रस्तावाचीही व्हायला हवी.