रॅमची टंचाई आणि घरातला जुना लॅपटॉप

मुलाचा लॅपटॉप रखडू लागला की त्यात रॅम वाढवून घ्यायची आणि आणखी दोन-तीन वर्षे काढायची, हा आपल्याकडील अनेक कुटुंबांचा हिशेब. शाळा-कॉलेजचा अभ्यास त्यावर निभावून जाई. 2025 च्या अखेरीस मात्र जगभर रॅमचे भाव भडकले आणि हा हिशेब कोलमडला.

जगातील बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवितात : कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड संगणक-केंद्रे उभी राहू लागली, तसे या तिघींनी आपले उत्पादन त्या केंद्रांना लागणाऱ्या एचबीएम या खास मेमरीकडे वळविले. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन लागते. म्हणजे तिकडे एक घास वाढला की इकडचे तीन कमी होतात! त्यातच जुन्या डीडीआर4 जातीचे उत्पादन आटोपते घेण्याकडे कारखान्यांचा कल, आणि आपल्या घरांतले जुने लॅपटॉप बहुधा याच जातीचे. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. लाखोंनी माल उचलणारे गिऱ्हाईक दारात असताना पोर्ट लुईच्या दुकानदाराची पाच-दहा नगांची मागणी कोण विचारतो?

मग जुने यंत्र टाकून द्यावे काय? घाई नको. नव्या लॅपटॉपातही हीच महाग मेमरी असते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ. ओटा अपुरा पडला की डबे पुन्हापुन्हा फडताळात ठेवावे-काढावे लागतात, तसे यंत्र रखडते. चार जीबीचा ओटा आठचा केला तर फरक लगेच जाणवतो. मात्र फडताळच जुने फिरत्या चकतीचे असेल, तर आधी एसएसडी बसविणे पुष्कळदा अधिक फायद्याचे.

खर्चापूर्वी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडावे. किती खाचा आहेत व किती भरल्या आहेत ते तेथे दिसते. ‘सोडिम’ असे लिहिले असेल तर रॅम बदलता येण्याजोगी. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच डाख देऊन बसविलेली. यंत्र पातळ व्हावे, बॅटरी पुरावी, ही त्यामागची कारणे खरी. पण खरेदीच्या दिवशीच ग्राहकाचे हात बांधले जातात, हेही तितकेच खरे. डीडीआर3 ची पट्टी डीडीआर4 च्या खाचेत बसत नाही, म्हणून जात पाहूनच घ्यावी.

आणखी एक अडचण. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबविला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. 2017 च्या आगेमागे घेतलेली कित्येक यंत्रे तेथे अडतात, मग रॅम सोळा जीबी का असेना. अशा यंत्रावर लिनक्स फुकट चढविता येते आणि लेखन, ईमेल, अभ्यास यांना ते पुरते. पण शाळेने ठरावीक विंडोज कार्यक्रमच मागितला असेल, तर रॅमवर पैसे घालण्यापूर्वी शिक्षकांना विचारून घ्यावे.

आणि कपाटात एखादा मेलेला लॅपटॉप पडला असेल, तर भंगारात देण्याआधी त्यातली रॅम काढून जात जुळते का ते पाहावे.