भुंकणारा कुत्रा आणि न झालेली चूक

भूकंप, अपघात, मारहाण किंवा घरातल्या माणसाचा अचानक मृत्यू सोसलेले मूल त्याबद्दल क्वचितच आपणहून बोलते. ते रात्री दचकून उठते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखते. तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा मांडते. मोठी माणसे याला हट्ट म्हणतात, किंवा ‘लहान आहे, विसरेल’ म्हणून विषयच काढत नाहीत.

ही समजूत किती चुकीची आहे, ते कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात दिसले. १५ जुलै १९७६ रोजी तिथे २६ मुलांसह शाळेच्या बसचे अपहरण झाले. मुलांना आणि चालकाला खाणीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडले गेले. सुमारे १६ तासांनी सगळे जिवंत बाहेर आले. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी चार वर्षांनी या मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा प्रत्येकात आघाताच्या खुणा होत्या. कित्येक मुले अपहरणाआधीच्या दिवसांत अपशकुन शोधत होती : तो आपण ओळखायला हवा होता, असे त्यांना वाटे. कारण सापडले नाही की मूल दोष स्वतःकडे घेते. म्हणून ‘यात तुझी काहीच चूक नाही’ हे सर्वांत आधी सांगावे, आणि पुन्हा पुन्हा सांगावे.

त्यानंतर शरीराचे. धोका जाणवला की मेंदूतला ॲमिग्डला हा भाग इशारा देतो. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय पळायला सज्ज होतात. आघातानंतर धोका नसतानाही हा इशारा मिळत राहतो. मुलाला असे सांगता येते : चोर येऊन गेलेल्या घरातला कुत्रा पुढे वाऱ्याने कडी वाजली तरी भुंकतो. तो वाईट नाही, राखणच करतो. चोर गेला, हे त्याला हळूहळू शिकवावे लागते.

हे शिकवणे म्हणजे थेरपी. मुलाला आधीच सांगावे की तिथे सुई टोचत नाहीत, रागावत नाहीत, आणि तिथे जाणारे मूल वेडे नसते. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी मुलांसाठी घडवलेली उपचारपद्धती साधारण १२ ते १६ बैठकांची असते. आधी मूल स्वतःच्या प्रतिक्रिया ओळखते, श्वास संथ करायला आणि भावनांना नाव द्यायला शिकते. मग झेपेल तसे, थोडे थोडे, घडलेले सांगते. पालकही सोबत शिकतात, कारण उरलेला आठवडा मूल त्यांच्याजवळ असते.

त्रास महिन्याहून अधिक टिकला, तर तज्ज्ञांकडे जावे. मूल स्वतःला इजा करण्याचे बोलले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.