सूट दिसते, हिशेब दिसत नाही

‘छापील किमतीवर एवढी सूट मिळत असताना कोपऱ्यावरच्या दुकानात कशाला जायचं हो?’ असं शेजारच्या वैनींनी विचारलं, तेव्हा मीही मान डोलावली होती. यवतमाळात सवलतीच्या मोठ्या दुकानातून तीन महिने किराणा भरला. मग एक दिवस बिलं आणि वही घेऊन बसले, आणि डोळे उघडले.

पहिल्याच महिन्याचं पाहा. घरून यादी नेली होती ११०० रुपयांची. त्यावर सूट मिळाली ९० रुपये. पण बिल झालं १९०० रुपयांचं! दोनावर एक फुकट म्हणून बिस्किटं, आवडले म्हणून प्लॅस्टिकचे डबे, आणि मुलांच्या हाताला बरोबर लागतील अशा खालच्या फळीवरची चॉकलेटं. यादीबाहेरचं हे सामान ८९० रुपयांचं. ओझं झालं म्हणून येताना ऑटोला ६० रुपये मोजले ते वेगळेच. आर्णी-दारव्ह्याहून येणाऱ्या भगिनींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे खरं, पण मोडलेला दिवस आणि दुखणारे खांदे हिशेबात कोण धरतं?

दुसरी गोष्ट वजनाची. पाकीट किलोचं दिसतं, पण नीट वाचलं तर ९०० ग्रॅम! १२६ रुपयांचं असं पाकीट म्हणजे किलोला १४० रुपये पडले. सुटी डाळ त्याहून स्वस्त असू शकते. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापलेला असतो, तो पाहावा. तेलाचंही तसंच. लिटरभर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवीवर त्याहून कमी आकडा असेल तर ती लिटरची नव्हे.

तिसरी गोष्ट साठवणीची. सूट आहे म्हणून पाच किलो रवा-बेसन आणलं, आणि पावसाळ्यात त्यात अळ्या झाल्या. दाणे खवट झाले. फेकलेलं सामान कितीही स्वस्तात घेतलं तरी महागच.

पण मला खरी लागली ती चौथी गोष्ट. त्या पावसाळ्यात यजमानांचा पगार लांबला. मोठ्या दुकानात उधारी कुठली? शेवटी कोपऱ्यावरच्या काकांकडे गेले. तीन महिने त्यांच्या दारावरून मोठाल्या थैल्या घेऊन गेले होते, पाय उचलेना. काका म्हणाले, ‘‘वैनी, बरेच दिवस दिसल्या नाही. तब्येत बरी आहे ना?’’ आणि जुनी वही काढून नवं पान उघडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीन विकल्यावर हाती पैसा येतो. तोवर कितीतरी घरांची चूल अशाच वहीवर पेटते. २०२० च्या टाळेबंदीत गल्लीतल्या दुकानांनीच आपल्याला सांभाळलं होतं. आपण सगळ्यांनीच पाठ फिरवली, तर ती वही उद्या कोण उघडणार?

मोठं दुकान वाईटच, असं मी म्हणत नाही. साबण, धुण्याची पावडर अशा न नासणाऱ्या वस्तूंवर तिथे पैसे वाचतात, छापील बिलही मिळतं. म्हणून मी आता असं करते : अशा वस्तूंसाठी दोन महिन्यांतून एकदाच तिकडे जायचं, तेही यादी करून, पोट भरून आणि मुलांना घरी ठेवून. यादीच्या हिशेबाएवढेच पैसे जवळ ठेवायचे. डाळ-तांदूळ, रवा, मसाला मात्र काकांकडून, लागेल तेवढाच. आणि हो, काट्यावर तिथेही नजर ठेवायची. माणुसकी आपल्या जागी, वजन आपल्या जागी!

तुम्हीही एक महिना दोन्हीकडची बिलं जपून ठेवा आणि महिनाअखेरीस बेरीज करा. सूट किती मिळाली ते नको, घरातून पैसा किती गेला ते पाहा.